हा माणूस श्वास कधी घेऊन राहिला?

आज दुपारची गोष्ट. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. मी ओट्याशी मेथी निवडत होते आणि बाबा हॉलमध्ये दिवाणावर आडवे, कानात इअरफोन. सकाळीच त्यांना ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर नवीन कादंबरी लावून दिली होती. आपल्याच पूर्व विदर्भातलं गाव, धानाची शेती, तलाव, म्हणून मुद्दाम निवडली. वीसेक मिनिटं झाली असतील. बाबांनी इअरफोन काढले, उशीवर ठेवले आणि मला हाक मारून विचारलं, "अगं, हा माणूस श्वास कधी घेऊन राहिला?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं नेट गेलं असेल, आवाज अडकत असेल. तर म्हणाले, "अडकत नाही ना, तेच तर सांगतो. एकदा पण दम घेतला नाही त्यानं. मलाच दम लागून राहिला."

मी हात पुसले, इअरफोन कानात घातले. खरंच. आवाज स्वच्छ, उच्चार बऱ्यापैकी, कुठं खाकरणं नाही, घोट गिळणं नाही. गावात कुणीतरी विहिरीत पडलंय, बायका धावताहेत, आणि हा त्याच चालीत वाचतोय, ज्या चालीत त्यानं मघाशी प्रकाशकाचं नाव आणि आवृत्ती वाचली असणार. मग मी पुस्तकाची माहिती उघडली. खाली, बारीक अक्षरात, अभिवाचक म्हणून लिहिलं होतं: डिजिटल आवाज. ते बारीक अक्षर मला दिसलं. ज्याच्यासाठी पुस्तक लावलं त्याला दिसणार नव्हतं.

कोणतं अ‍ॅप ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका अ‍ॅपचा नाही. पण पैसे भरताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की आता माणूस वाचणार नाही.

बाबांना ओळखणाऱ्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्यभर नागपूर स्टेशनवर आरएमएसमध्ये होते, म्हणजे रेल्वेच्या टपालात. रात्रपाळीत पत्रं निवडायची, कुणाच्याही कशाही अक्षरातला पत्ता वाचायचा. डॉक्टरांचं अक्षर वाचणारे बाबा आमच्या वाड्यात प्रसिद्ध होते. पाच वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. हा आजार ज्यांच्या घरी आहे त्यांना कळेल. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. घरात चालता येतं, जेवता येतं, पण माझ्याकडे बघायचं असलं की बाबा माझ्या कानाच्या बाजूला बघतात, म्हणजे चेहरा थोडा तरी दिसतो. अक्षर मात्र नेमकं मधे येतं. त्यामुळे ज्या दिवशी अक्षर गेलं त्या दिवशी सगळं गेलं. वर्तमानपत्र बंद केलं नाही, बरं का. अजून रोज येतं. बाबा घडी उघडतात, वास घेतात, परत घडी करतात.

तेव्हापासून आमच्या घरात ऑडिओबुक. वेळ घालवायचं साधन म्हणून नाही, ते दिवसाचं जेवण आहे. त्यामुळे कुणी मला "अगं आजकाल काय, लोक स्वयंपाक करताकरता ऐकतात" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. ऐका ना स्वयंपाक करताना, मी पण ऐकते. पण ही गोष्ट जन्मालाच आली ती डोळे गेलेल्यांसाठी. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तबकड्यांवर पुस्तकं वाचून ठेवली गेली ती अंध माणसांसाठी, आणि त्यांत पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक होते. घाईत असलेली माणसं या पंगतीत फार नंतर येऊन बसली.

आता मला एक जुनी गोष्ट सांगायचीच आहे, कारण दुपारपासून डोक्यात तीच फिरतेय.

मी चौथीत होते. नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा, मे महिना. संध्याकाळी गच्चीवर बादल्याच्या बादल्या पाणी शिंपडायचो तरी रात्री नऊपर्यंत फरशीतून वाफ यायची. गाद्या पडायच्या, कोपऱ्यात माठ, आणि जिन्यातून वायर ओढून एक बल्ब लावलेला. त्या उन्हाळ्यात बाबांनी आजीला 'श्यामची आई' वाचून दाखवलं. आजी दर्यापूरकडची, तिला अक्षरओळख नव्हती. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. श्याम रोज रात्री सांगतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे पुस्तकाची बांधणीच ऐकण्याची आहे. बाबांनी तसंच वाचलं, एका रात्री एक रात्र. रात्रपाळी असली की खाडा. पहिल्या आठवड्यात आजी, आई आणि आम्ही दोघी बहिणी होतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शेजारच्या तीन गच्च्यांवरच्या काकू कठड्याशी येऊन बसायला लागल्या.

बाबा काही कलाकार नव्हेत. आवाज साधा, थोडा घोगरा. बाईचं बोलणं आलं की आवाज बारीक करायचे नाहीत. श्यामची आई बोलायला लागली की फक्त थोडं हळू वाचायचे, एवढंच. आणि आम्हाला प्रत्येक वेळी कळायचं की आता आई बोलतेय.

तर शेवटच्या रात्रींकडे आलो. आईचं आजारपण. बाबा वाचत होते आणि एका वाक्याच्या मधेच थांबले. पुस्तक उलटं करून गादीवर ठेवलं. उठले, माठाकडे गेले, गडवा बुडवून पाणी काढलं, उभ्यानंच प्यायले. परत येऊन बसले. पुस्तक हातात घेतलं, पण वाचेनात. कठड्याशी पाच-सहा बाया, एकीनंही हूं की चूं केलं नाही. खाली रस्त्यावरून एक सायकलरिक्षा गेली तेवढा आवाज. मग आजी म्हणाली, "वाच नं बाप्पा. आमी आयकून राह्यलो."

बाबांना तहान लागली नव्हती हे मला तेव्हाच, नऊ वर्षांची असताना, कळलं होतं.

मी म्हणते, अभिवाचन म्हणजे काय ते त्या एका थांबण्यात होतं. आणि आज वीस मिनिटं न थांबणारा आवाज आम्ही विकत घेतला.

बरं, यंत्राला आमची भाषा तरी येते का? मराठीत च दोन, ज दोन, झ दोन. लिहिताना एकच, बोलताना वेगळे. "चार पायांची गाय चारा खाते" हे वाक्य म्हणून बघा. चारमधला च आणि चाऱ्यातला च एक आहे का? "माझा" म्हणताना जीभ एका जागी जाते, "माझी" म्हणताना दुसऱ्या. "जरा थांब" मधला जरा वेगळा आणि म्हातारपणाची जरा वेगळी. हे कुणी आपल्याला शिकवलं नाही, आईच्या मांडीवर आलं. त्या आवाजानं आज "जरा"चा उच्चार असा केला की मला क्षणभर वाटलं गावात कुणाला वार्धक्य आलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, नवा असेल, शिकेल." ते अजून त्याला माणूसच समजत होते. मी सांगितलं नाही त्यांना तेव्हा. का नाही सांगितलं माहीत नाही, पण तोंडातून निघेना.

आणि तुम्ही म्हणाल माणसानं वाचलं की सगळं छान. नाही! आता माणसांवर पण येते, कारण मागच्या महिन्याचा राग अजून गेलेला नाही.

यवतमाळकडच्या शेतकऱ्याची कादंबरी. अभिवाचक नट, आवाज दमदार, निवेदनाचा भाग सुरेख वाचला, हे मान्य. पण पात्रं बोलायला लागली की झालं सुरू. त्या शेतकऱ्यानं बैल विकलाय. घरी येतो, बायको विचारते, तो म्हणतो, "मले काई होत नाई, तू झोप." बास, एवढंच वाक्य. आणि ते त्यानं असं वाचलं, प्रत्येक शब्द लांबवून, नाकातून, जसं नाटकातला नोकर पडद्यामागून येतो आणि लोक हसायला लागतात. अहो, त्या माणसानं बैल विकलाय! त्याच्या घरात आज गोठा रिकामा आहे! तुम्हाला "मले" दिसलं आणि तुम्ही हसवायला निघालात?

बाबांनी तिथंच बंद करायला लावलं. म्हणाले, "माझी माय अशीच बोलायची. ती काय जोकर होती?"

मला हे खरंच कळत नाही. पात्र मुंबई-पुण्यातलं असलं की माणूस, आणि आमच्याकडचं असलं की नमुना, हे कुणी ठरवलं? मराठी गद्याचा सगळ्यात जुना मोठा ग्रंथ लीळाचरित्र, तेराव्या शतकातला, तो म्हाइंभटांनी रिद्धपूरला बसून सिद्ध केला. रिद्धपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. आणि कसा केला? चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून ऐकून. म्हणजे मराठी गद्य या मातीत आणि कानानं उभं राहिलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी लीळाचरित्राचं नाव घेतलं, पेढे वाटले. मग त्याच प्रदेशातली बोली माइकसमोर आली की नाकातून का?

गाडगेबाबांचं कीर्तन ऐका. १९५६ साली मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, आजही ऐकायला मिळतं. त्यात लोक हसतात, पुष्कळ हसतात. पण गाडगेबाबांच्या बोलीला कुणी हसत नाही. ते जे सांगतात त्याला हसतात, आणि पुढच्या वाक्याला गप्प होतात. त्या बोलीत किती वजन पेलतं ते बघायचं असेल तर तो अर्धा तास काढा. ज्यांना आमच्या पुस्तकांचं अभिवाचन करायचंय त्यांनी तर काढाच.

आणखी एक. विदर्भ म्हणजे एकच बोली नाही. अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी, नागपुरातली आपली हिंदीला चिकटलेली "करून राहिलो, जाऊन राहिलो", आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली, तिघींचा सूर निराळा. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो, म्हणून प्रत्येक वैदर्भी पात्राच्या तोंडी डोया कोंबला की झालं असं नसतं. पुस्तकात लेखकानं जिथं ळ लिहिलाय तिथं ळ म्हणा ना. नसेल येत बोली तर सरळ वाचा. आजी दर्यापूरची आणि श्याम कोकणातला. बाबांनी गच्चीवर कोकणी हेल काढला नाही, काढताच आला नसता. तरी आजीला तो पोरगा आपल्या गल्लीतला वाटला.

लिहितालिहिता थोडी शांत झाले. चहा घेऊन आले.

ज्यांना हे काम येतं त्यांच्याबद्दल पण लिहायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी वाचलेलं आत्मचरित्र आम्ही दोघांनी मिळून ऐकलं. त्या बाईंनी पुस्तक आधी पूर्ण वाचलं होतं हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. कसं कळतं? जिथं वाक्य पुढच्या पानावर वळण घेणार असतं, तिथं त्यांचा आवाज आधीच त्या वळणाच्या तयारीत असतो. ज्यांनी आधी वाचलेलं नसतं ते पूर्णविरामावर येऊन आदळतात. बाबा त्या बाईंना "आपल्या ताई" म्हणतात. नवीन पुस्तक लावलं की विचारतात, "आपल्या ताईंचं आहे का?"

हे काम सोपं नाही हे मला माहीत आहे. तासाभराच्या तयार आवाजामागे स्टुडिओत दोन-तीन तास जातात, संकलन वेगळं. पंखा-एसी बंद करून बंद खोलीत बसायचं, पोटात गुडगुडलं तरी परत वाचायचं, आणि तिसऱ्या दिवशीचा आवाज पहिल्या दिवसाशी जुळला पाहिजे. एवढं करून त्यांचं नाव मुखपृष्ठावर नसतं. आता तर त्यांची जागाच जातेय. ज्या ताईंनी बाबांना पाच महिने सोबत केली, त्यांना उद्या सांगणार की तुमच्या आवाजाचा नमुना द्या, बाकीचं यंत्र बघून घेईल?

हो, यंत्राचं एक मान्य करते. बाबांचा फोन त्यांना वेळ सांगतो, कुणाचा फोन आला ते सांगतो, तो यंत्राचाच आवाज आहे आणि त्याच्यावाचून बाबांचं पान हलत नाही. डोळ्यांनी न दिसणारी कॉलेजची मुलं क्रमिक पुस्तकं यंत्राकडून दुप्पट वेगानं ऐकून परीक्षा देतात. जी हजारो पुस्तकं कधीच कुणी वाचून ठेवणार नाही, ती यंत्रानं वाचावीत. ठीक आहे. पण कादंबरीचे पैसे घेऊन कादंबरीच्या जागी हे देऊ नका, आणि दिलंच तर मोठ्या अक्षरात सांगा, आवाजात सांगा.

आणि ते पार्श्वसंगीत! दु:ख आलं की बासरी, पाऊस आला की सतार. वय झालं की कानातून वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, स, श, फ, त अशी अक्षरं बोथट होतात. त्यात तुम्ही मागे बासरी लावली की बाबांना शब्दच लागत नाहीत. "काय म्हणाला गं तो?" असं दर दोन मिनिटांनी. पन्नास रुपयांचं पुस्तक वाचणाऱ्याला कुणी पानावर अत्तर शिंपडून देतं का? आकाशवाणी नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. आमच्या घरात त्या केंद्रावरच्या श्रुतिका ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. संगीत असायचं, पण माणूस बोलायला लागला की ते बाजूला सरकायचं. हे तेव्हा जमत होतं.

आता ज्या कमेंटची मला खात्री आहे ती आधीच घेते. "एवढं तरी मिळतंय ना, आधी तर काहीच नव्हतं." माझ्याच आतेभावानं संध्याकाळी फोनवर हेच म्हटलं. त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण मित्रांनो, "एवढं तरी" हा शब्द दिसणाऱ्या माणसानं न दिसणाऱ्याला ऐकवू नये. डोळे नसलेल्यांना पुस्तकं मिळावीत म्हणून २०१३ साली मराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला सगळ्या जगात सगळ्यात आधी, २०१४ साली, मान्यता दिली ती भारतानं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ सालीच दुरुस्ती झाली, की अशा वाचकासाठी पुस्तक दुसऱ्या रूपात आणायला आडकाठी नको. ही खिरापत नव्हे. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं नीट पोचवली. त्यांना एक कादंबरी नीट पोचावी एवढंच म्हणणं आहे.

चिडून लिहिलं, पण खोडत नाही.

संध्याकाळी बाबांना खरं सांगितलं, की तो माणूस नव्हता. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीच." आणि मग, "बिचाऱ्याला मी उगाच नवा म्हटलं."

नंतर मी वाचनालयातून आणलेली त्याच कादंबरीची प्रत काढली, टीव्ही बंद केला, फोन रेकॉर्डिंगला लावून टीपॉयवर ठेवला आणि पहिल्यापासून वाचायला बसले. मला सवय नाही. पहिल्या पानावर तीनदा अडखळले. मधे कुकरची शिट्टी झाली, खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला, सगळं त्यात आलंय. विहिरीचा प्रसंग आला. ती बाई काठाशी वाकून आपल्या पोराला हाक मारते, एकच हाक, आणि माझ्याच्यानं पुढचं वाक्य वाचवेना. मी थांबले. बाबा माझ्या कानाच्या बाजूला बघत होते. घरात फक्त पंख्याचा आवाज.

मग बाबा म्हणाले, "पाणी पिऊन घे. आम्ही ऐकून राहिलो."

घरात आम्ही दोघंच होतो.

पाणी प्यायले, परत बसले, प्रकरण संपवलं. सव्वीस मिनिटांचं झालंय. बाबांनी झोपताना तेच परत लावून मागितलं आणि आत्ता आतल्या खोलीतून माझाच आवाज येतोय, कुकरच्या शिट्टीसकट. पुढचं प्रकरण उद्या. नागपुरात कुणाच्या घरी असा ऐकणारा माणूस असेल तर मला मेसेज करा. माझ्याकडे शनिवार-रविवारची संध्याकाळ आहे, फोन आहे, आणि झाडीबोली नीट बोलणारी एक मैत्रीण तयार झाली आहे. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, महाल इतक्या अंतरात मी येऊन पण वाचीन.